आत्मविश्वासाचं इंग्रजी : वहीतली टिपणं

‘आय अ‍ॅम कॉन्फिडन्स.’ इंग्रजी बोलायला शिकणाऱ्या मराठी मुलांच्या तोंडून हे वाक्य सतत ऐकू येतं. त्याचं मूळ मराठीतच आहे. आपण कॉन्फिडन्स हे नाम उचललं आणि घरचं करून टाकलं: तिच्यात कॉन्फिडन्स आहे, त्याचा कॉन्फिडन्स गेला, पोराला जरा कॉन्फिडन्स द्या. कॉन्फिडंट हे विशेषण त्या मानाने कमी रुळलं. मग इंग्रजी बोलताना हाताशी असलेलं नामच पुढे येतं. इंग्रजीत माणूस कॉन्फिडंट असतो आणि त्याच्याकडे कॉन्फिडन्स असतो. फळ्यावर ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहिली की बहुतेकांना फरक लगेच कळतो. तोंडात बसायला मात्र वेळ लागतो.

त्याच्या पुढचा अडथळा छोट्या शब्दांचा. मुलाखतीबद्दल खात्री वाटत असेल तर कॉन्फिडंट अबाउट. माणसावर किंवा स्वतःच्या कुवतीवर भरवसा असेल तर कॉन्फिडंट इन. जिंकण्याची खात्री असेल तर कॉन्फिडंट ऑफ विनिंग. शब्द एकटा पाठ करू नये, त्याच्या जोडीदारासह करावा. कॉन्फिडन्स ‘गेन’ होतो, ‘लूज’ होतो, ‘बिल्ड’ करता येतो, एखाद्या धक्क्याने ‘शेक’ होतो. सेल्फ-एस्टीम ‘हाय’ किंवा ‘लो’ असते. सेल्फ-रिस्पेक्ट सहसा राखतात किंवा गमावतात, त्याला कुणी फारसं मोजत बसत नाही. तीन शब्द जवळचे वाटतात, पण त्यांच्या शेजारी कोणते शब्द बसतात ते पाहिलं की त्यांची कामं वेगळी आहेत हे दिसतं.

*

एस्टीममधला ‘टी’ दीर्घ आणि जोर त्याच्यावर. ‘एस्टिम’ म्हटलं तर समोरच्याला क्षणभर अडखळायला होतं. कॉन्फिडंटमध्ये जोर पहिल्या ‘कॉन’वर. शेवटाकडे जोर गेला की कानाला दुसराच शब्द लागतो, ज्याचा अर्थ मनातलं सांगण्याजोगा विश्वासू माणूस.

*

‘मला लाज वाटते’ हे एकच मराठी वाक्य आपण किती ठिकाणी वापरतो! इंग्रजीत त्याला निदान चार दारं आहेत आणि कोणत्या दाराने जायचं हे शिकवणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

पाहुणे आले की आईच्या पदरामागे जाणारं मूल शाय. तो स्वभाव झाला. हळदीकुंकवात सगळ्यांसमोर वाणाचं ताट हातातून निसटलं, तर ती बाई एम्बॅरस्ड. चार लोकांनी पाहिलं म्हणून कान तापले, घरी जाईपर्यंत विसरलंही. मित्राकडून घेतलेले पैसे मुद्दाम बुडवले आणि आता त्याच्या नजरेला नजर देता येत नाही, तर अशेम्ड. इथे आपल्या हातून काही वावगं झाल्याची जाणीव आहे. आणि वर्गात उभं करून सगळ्यांसमोर उच्चाराची नक्कल केली गेली, तर त्या मुलाची अवस्था ह्युमिलिएटेड. इथे करणारा दुसरा आहे.

आता पाहा, मुलं सर्रास काय म्हणतात: ‘आय अ‍ॅम अशेम्ड ऑफ माय इंग्लिश.’ म्हणजे स्वतःकडे एक अपराध घेऊन ती बोलायला सुरुवात करतात. ज्याच्या गावात चौथीपर्यंत दोन शिक्षकांची शाळा होती, ज्याच्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र कधी आलं नाही, त्याने इंग्रजीत अडखळणं हे दुष्कृत्य नव्हे. त्याच्या बाबतीत खरं वाक्य बहुतेकदा वेगळं निघतं: शाळेत ह्युमिलिएट केलं गेलं, म्हणून आता एम्बॅरस्ड वाटतं. ते वाक्य उच्चारलं की दोष जिथला तिथे जातो. शब्दसंग्रह वाढवण्याचा याहून मोठा फायदा मला माहीत नाही.

*

सेल्फ-कॉन्शस. हा शब्द पाहिला की आपल्याला आत्मभान आठवतं, काहीतरी चांगलं, विचारी. रोजच्या इंग्रजीत अर्थ जवळजवळ उलटा. लोक आपल्याकडेच पाहत आहेत असं वाटून अवघडून जाणं. आत्मभानासाठी सेल्फ-अवेअर. मुलाखतीत एका मुलाने ‘सेल्फ-कॉन्शस’ हा आपला गुण म्हणून सांगितला होता. समोरच्यांना वाटलं, बिचारा किती प्रामाणिक आहे.

*

मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० साली ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ या ग्रंथात सेल्फ-एस्टीमचं एक गणित मांडलं. वर यश, खाली आपण स्वतःवर लावलेल्या अपेक्षा. भागाकार आला तेवढी आपली स्वतःच्या नजरेतली किंमत. त्याने उदाहरण स्वतःचंच दिलं आहे: मानसशास्त्रात दुसरा कुणी आपल्यापेक्षा जास्त जाणतो हे कळलं तर त्याला झोंबतं, पण ग्रीक भाषा अजिबात येत नाही याचं त्याला काही वाटत नाही. ग्रीक त्याने छेदात धरलेलीच नव्हती.

आपल्याकडे मुलाला ही मुभा नाही. इंग्रजी त्याच्या छेदात दुसरेच लिहून ठेवतात: शेजारी, नातेवाईक, मुलाखत घेणारे, लग्न जुळवणारे. तो गणितात हुशार असो, ट्रॅक्टर उघडून पुन्हा जोडत असो, अभंग सुरात म्हणत असो, भागाकाराच्या वेळी इंग्रजी खाली येऊन बसते आणि उत्तर लहान करून टाकते. ‘माझी सेल्फ-एस्टीम लो आहे’ असं एखादा म्हणाला तर मी आधी विचारते, छेदात काय धरलंयस, आणि ते कुणी धरायला लावलं?

*

१९६५ साली मॉरिस रोझेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने किशोरवयीन मुलांसाठी दहा विधानांची एक मोजपट्टी तयार केली. आजही सेल्फ-एस्टीम मोजायला ती जगभर वापरतात. तिच्यातली विधानं इतकी सोपी आहेत की इंग्रजीच्या वर्गात वाचनाचा धडा म्हणून घेता येतात. मी घेते. गुण मात्र काढायला लावत नाही. वाक्यं समजावीत, त्यांच्याशी सहमत की असहमत हे इंग्रजीत सांगता यावं, एवढाच हेतू. वयात आलेल्या मुलाच्या हातात त्याच्या किमतीचा आकडा देणं मला पटत नाही.

*

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या बायोडेटात एक ओळ हमखास असते: कॉन्फिडंट, हार्डवर्किंग, पॉझिटिव्ह. एकाच्या कागदावरून दुसऱ्याच्या कागदावर उतरत आलेली. आणि तोंडी परिचय सुरू होतो ‘मायसेल्फ’ने.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे. गावातल्या दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ बसते. केंद्र भावाच्या नावावर, काम हिचं. तिच्या बायोडेटात ती ओळ होती आणि तोंडी मात्र ‘मॅडम, माझ्यात अजिबात कॉन्फिडन्स नाही’. एकदा तिच्या गावाकडे गेले असताना केंद्रावर थांबले. कॅन येत होते. ती दूध ढवळायची, नमुना घ्यायची, मशीनला लावायची, फॅट आणि एसएनएफचा (फॅटखेरीज दुधातल्या घन घटकांचा) आकडा मोठ्याने सांगायची, पावती फाडायची. एक काका तावातावाने म्हणाले, काल चार फॅट लागली, आज साडेतीनच कशी? तिने मान वर केली. ‘काका, शेवटच्या धारा वासराला सोडल्या असतील. फॅट तिथंच असते. पुन्हा लावू का नमुना? बघा समोर.’ पुन्हा लावला. आकडा तोच आला. काका पावती घेऊन गेले. तिचा आवाज एकदाही चढला नाही.

पुढच्या तासाला तिच्या बायोडेटातली ती तिन्ही विशेषणं आम्ही काढली आणि तिच्या रोजच्या कामाची क्रियापदं लिहिली. ती दूध टेस्ट करते. फॅट आणि एसएनएफ रेकॉर्ड करते. दर दहा दिवसांनी शेतकऱ्यांचं बिल कॅल्क्युलेट करते. एखाद्याला रीडिंग मान्य नसेल तर त्याला एक्स्प्लेन करते आणि त्याच्यासमोर रिपीट करते. वाक्यं लहान, साधा वर्तमानकाळ, व्याकरण पाचवीचं. वाक्यं वाचताना ती थांबली नाही, कारण यातलं काहीही तिला रचावं लागत नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुराने १९७७ साली सेल्फ-एफिकसी ही कल्पना मांडली, ती मला इथे उपयोगी वाटते. ठरावीक काम आपल्याला जमेल असा विश्वास. सगळ्या जगाला पुरेल असा एकच घाऊक आत्मविश्वास नसतो. एका कामात असतो, दुसऱ्यात नसतो. तो वाढतो चार वाटांनी: स्वतः काम जमवून, आपल्यासारख्या कुणाला जमलेलं पाहून, कुणी धीर दिल्याने, आणि छातीतली धडधड ताब्यात राहिल्याने. बँडुराच्या मते यात पहिली वाट सगळ्यांत भक्कम. आपले बहुतेक वर्ग आणि व्याख्यानं तिसऱ्याच वाटेवर उभी असतात.

*

गौरी शिंदेंचा ‘इंग्लिश विंग्लिश’ हा चित्रपट २०१२चा. पुण्याची शशी गोडबोले न्यूयॉर्कला भाचीच्या लग्नासाठी जाते आणि गुपचूप इंग्रजीच्या वर्गाला नाव घालते. लाडू करून विकते, असं ती वर्गात सांगते आणि शिक्षक तिला म्हणतो, म्हणजे तू आन्त्रप्रेन्युअर. रस्त्याने चालताना ती तो अवघड शब्द पुन्हा पुन्हा म्हणून बघते. शशी झालेल्या श्रीदेवींचा तो चेहरा ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. शिक्षकाने तिला तू आत्मविश्वासू आहेस, तू छान आहेस, असं काही सांगितलेलं नाही. ती जे आधीपासून करत होती त्याचं नाव सांगितलं. घरात ज्याची किंमत ‘लाडू बरे करते’ इतकीच होती, त्याला जगात एक पद आहे हे तिला कळलं.

शेवटच्या भाषणात ती जजमेंटल हा शब्द आठवून आठवून वापरते. तोही लक्षात ठेवण्यासारखा, कारण तो स्वतःबद्दल नाही, समोरच्याच्या वागण्याबद्दल आहे. आपल्याला कमी लेखणाऱ्या वागण्याचे शब्द शिकणाऱ्याकडे असलेच पाहिजेत: पुट डाउन, बिलिटल, मॉक, पेट्रनाइज. शब्दांच्या याद्यांत स्वतःच्या उणिवांची विशेषणं ढीगभर असतात, ही क्रियापदं फार थोडी.

*

न्यूनगंड हा आता किती सहज मराठी शब्द झाला आहे. आल्फ्रेड अ‍ॅडलर या व्हिएन्नाच्या मानसशास्त्रज्ञाच्या विचारातून इन्फिरिऑरिटी कॉम्प्लेक्स जगभर गेला, तो आपल्याकडेही आला. बोलण्यात मात्र आपण नुसतं ‘त्याला कॉम्प्लेक्स आलाय’ म्हणतो. इंग्रजीत नुसता कॉम्प्लेक्स म्हटला तर ऐकणाऱ्याला कशाबद्दल ते सांगावं लागतं: कॉम्प्लेक्स अबाउट हिज हाइट, अबाउट हर अ‍ॅक्सेंट.

*

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९८६ साली सेल्फ-एस्टीम वाढवण्यासाठी सरकारी कृतिदल नेमलं. जॉन व्हास्कॉन्सेलोस या लोकप्रतिनिधीचा तो ध्यास होता. स्वतःबद्दल चांगलं वाटायला लागलं की शाळागळती, व्यसनं, गुन्हे कमी होतील अशी आशा. १९९०मध्ये अहवाल आला. शाळांमधून ‘तू खास आहेस’ची लाट त्या काळात जोरात होती. पुढे २००३ साली मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन चाळून पाहिलं. सेल्फ-एस्टीम वाढवल्याने अभ्यास सुधारतो याला त्यांना भक्कम आधार सापडला नाही. चांगला अभ्यास झाला की स्वतःबद्दल बरं वाटतं, हा उलटा प्रवाह काही प्रमाणात दिसला. स्वतःबद्दल चांगलं मत असलेली माणसं जास्त आनंदी असतात आणि नव्या कामात पुढाकार घेतात, हेही त्यांनी नोंदवलं.

आपल्याकडे शाळेच्या भिंतीवर ‘आय कॅन डू इट’ रंगवताना हे ध्यानात असावं. भिंत रंगवायला हरकत नाही. त्या मुलाला आज काय करता आलं हे विचारणारा माणूस भिंतीपाशी उभा पाहिजे.

*

सेल्फ-रिस्पेक्ट या शब्दाला आपल्या देशात वेगळा इतिहास आहे आणि तो शिकवल्याशिवाय हा शब्द पुरा शिकवला असं मी मानत नाही. तमिळ मुलखात पेरियारांनी १९२५ साली सेल्फ-रिस्पेक्ट मूव्हमेंट सुरू केली. पुरोहिताशिवाय होणाऱ्या लग्नांना तिथे सेल्फ-रिस्पेक्ट मॅरेज म्हणतात. १९६७मध्ये त्यांना कायद्याची मान्यता मिळाली. आपल्याकडे २० मार्च १९२७ला महाडला चवदार तळ्याच्या काठी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक उतरले, तेव्हा प्रश्न पाण्यापुरता नव्हता. बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनात सेल्फ-रिस्पेक्ट हा शब्द वारंवार भेटतो. तिथे तो मनाची अवस्था सांगत नाही, समाजाकडून हक्काने मागितलेली गोष्ट सांगतो.

त्याच्याही आधी, १८५४ साली ‘काव्यफुले’ या संग्रहात सावित्रीबाई फुल्यांनी इंग्रजी शिकण्याचं आवाहन करणाऱ्या कविता छापल्या. शूद्रातिशूद्रांच्या हातात ही भाषा यावी म्हणून. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणणारे चिपळूणकर आपल्याला पाठ असतात. सावित्रीबाईंची ही हाक शब्दसंग्रहाच्या वर्गात अजून फारशी पोचलेली नाही.

सेल्फ-एस्टीम हा मानसशास्त्राचा शब्द, माणसाच्या आत पाहणारा. सेल्फ-रिस्पेक्ट बाहेरही पाहतो. अपमान झालेल्या मुलाला ‘तुझी सेल्फ-एस्टीम वाढव’ असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्याजवळ सेल्फ-रिस्पेक्ट शाबूत आहे, म्हणून तर त्याला लागलं.

*

मुलगी मोठ्यांसमोर स्पष्ट बोलली की घरात लगेच शब्द येतो: ओव्हरकॉन्फिडन्स. कित्येक मुलींच्या कानावर कॉन्फिडन्सच्या आधी हाच पडलेला असतो. इंग्रजीत ओव्हरकॉन्फिडंट म्हणजे स्वतःच्या कुवतीचा अंदाज चुकलेला: पोहता येत नसताना विहिरीत उडी घेणारा, न वाचता पेपरला बसणारा. मत मांडणारी मुलगी त्यात कुठेच बसत नाही. तिच्यासाठी शब्द आउटस्पोकन किंवा असर्टिव्ह. हे मी मुलींना सांगतेच, पण पालकसभेत जास्त जोर देऊन सांगते.

*

भिडस्त माणसाला इंग्रजीत एका शब्दात पकडता येत नाही. शाय नाही, टिमिड नाही. गप्पा मारतो, हसतो, फक्त नाही म्हणता येत नाही. मग वाक्यच शिकावं: ही फाइंड्स इट हार्ड टू से नो. शब्दाला शब्द शोधत बसण्यात शिकणाऱ्याचा फार वेळ जातो.

नाही म्हणायला शिकवणारं असर्टिव्हनेसचं शिक्षण अमेरिकेत १९७०च्या दशकात पसरलं. रॉबर्ट अल्बर्टी आणि मायकेल एमन्स यांचं ‘युवर परफेक्ट राइट’ हे १९७०चं पुस्तक त्यातलं सुरुवातीचं. त्यांचा फरक सरळ आहे: दुसऱ्याचा हक्क तुडवला तर अ‍ॅग्रेसिव्ह, स्वतःचा सोडून दिला तर पॅसिव्ह, दोन्ही राखले तर असर्टिव्ह. दूध केंद्रावरच्या त्या मुलीचं ‘पुन्हा लावू का नमुना?’ मला इथे आठवतं.

*

१८४९ साली न्यूयॉर्कमध्ये एक भामटा पकडला गेला. चांगल्या कपड्यांत अनोळखी माणसाशी बोलायचा आणि विचारायचा, उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका कॉन्फिडन्स आहे का माझ्यावर? लोक घड्याळ द्यायचे. वर्तमानपत्रांनी त्याला कॉन्फिडन्स मॅन म्हटलं. आजचा कॉन मॅन तिथून आला. १८५७मध्ये हर्मन मेलव्हिलची त्याच नावाची कादंबरी आली. महिन्याभरात आत्मविश्वासाची हमी देणाऱ्या वर्गात पैसे भरण्याआधी ही गोष्ट जरूर आठवावी. तिथे किती वेळ तुम्हाला बोलायला मिळणार, तेवढं विचारावं.

*

परकी भाषा शिकताना येणाऱ्या भीतीचा स्वतंत्र अभ्यास झाला आहे. इलेन हॉरविट्झ, मायकेल हॉरविट्झ आणि जोअ‍ॅन कोप यांनी १९८६ साली तेहेतीस विधानांची प्रश्नावली तयार केली. तीन भीती त्यांनी जवळच्या मानल्या: बोलण्याची, परीक्षेची आणि लोक वाईट ठरवतील याची. माझ्या पाहण्यात तिसरी सगळ्यांत जड. हुशार मुलगा परीक्षेत उत्तम लिहितो आणि वर्गात तोंड उघडत नाही, तो या तिसरीमुळे.

महाराष्ट्रात २०००पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी पाचवीपासून असे. चार वर्षं वाढली, तरी बारावी झालेली मुलं बोलायच्या वर्गाला येतातच, आणि येताना हीच भीती घेऊन येतात. तेव्हा इंग्रजी शिकवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. मुलाचा उच्चार सुधारायचा असेल तर त्याचं बोलणं संपल्यावर आणि जवळ बोलावून सुधारा, वर्गासमोर त्याची नक्कल करू नका. आणि विशेषणांची यादी देण्याआधी, पहिल्याच आठवड्यात, त्याला संभाषणात टिकवून धरणारी वाक्यं द्या: ‘कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’, ‘गिव्ह मी अ मोमेंट’, ‘आय डोन्ट नो दॅट वर्ड, व्हॉट डझ इट मीन?’, ‘प्लीज लेट मी फिनिश.’ ही चार वाक्यं रोज, प्रत्येकाकडून, मोठ्याने म्हणून घ्या.